डोळे मिटलेला साक्षीदार

अख्ख्या दुबईत माझ्याइतका शब्दाचा पक्का माणूस सापडणार नाही. हे मी बायकोला फोनवर सांगितलं, तर ती इतकी हसली की तिकडे माणगावात गॅसवरचं दूध उतू गेलं.

मी विलास. पिकअप चालवतो. राहायला इंटरनॅशनल सिटीत, एका खोलीत आम्ही सगळे डब्यातल्या बिस्किटांसारखे. शिक्षण चौथी, तेही पूर्ण नाही. मी लोकांना सांगतो की मी शाळा सोडली, पण गुरुजी जिवंत असते तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं. खोर फक्कानच्या पलीकडे डोंगरात एक वाडी आहे, तिथून भाजी उचलायची आणि बर दुबईत आपल्या लोकांच्या घरी पोचवायची, हा माझा धंदा. अळूची पानं, मेथी, शेपू, गणपतीत हळदीची पानं. आणि प्रत्येक जुडीबरोबर एक शपथ फुकट. "आईशप्पथ, आत्ता तोडलीत." माझ्या आईच्या इतक्या शपथा मी घेतल्यात की म्हातारी अजून ठणठणीत आहे ती स्वतःच्या जिवावर, माझा काही हात नाही.

ती भाजी पिकवायचे सॅम्युएल चाचा. होशंगाबादकडचे, नर्मदेकाठचे. हिंदीत बोलायचे. मी इथे मराठीतच सांगतो, कारण माझी हिंदी ऐकून चाचांच्या शेळ्यासुद्धा मान वळवायच्या.

एकदा चष्मा करायला म्हणून चाचा माझ्याबरोबर बर दुबईला आले. देवळाच्या गल्लीजवळ पुण्याच्या एक मॅडम राहतात, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. खाली येऊन त्यांनी अळूचं पान उलटंपालटं करून बघितलं.

"ताजी आहेत ना रे विलास?"

"आईशप्पथ मॅडम, सकाळी तोडली. दव पण सुकलं नाही अजून."

पिकअपच्या खिडकीतून आवाज आला, "काल संध्याकाळी तोडलीत. दव नाही, यांनी वाटेत बाटलीतलं पाणी मारलं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी चाकाकडे बघितलं. चाकात हवा बरोबर होती.

"हे कोण?"

"ज्यांनी तोडली ते."

मॅडमनी त्या दिवशी दुप्पट पानं घेतली. पण तेव्हापासून फोन आला की पहिलं वाक्य, "विलास, तू नको सांगूस, चाचांना विचारून सांग."

चाचा म्हणजे उंच, सुकलेला माणूस. मान पुढे काढून चालायचे, वाफ्यात काहीतरी हरवल्यासारखे. डोक्याला राखाडी कापडी टोपी. सगळ्यांना 'आप' म्हणायचे. मला आप, पाइप जोडणाऱ्या बंगाली पोरांना आप, शेळी वाफ्यात घुसली तर तिलाही, "आप बाहर आइए." आणि वाडीच्या मालकाला नुसतं सैफ. अरबाब नाही, सर नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खाली वाकून चप्पल नीट करायला लागलो, म्हटलं आता म्हाताऱ्याचा व्हिसा गेला. व्हिसा काही गेला नाही. पुढे एकदा सैफच मला म्हणाला, "हबीबी, जे मला अरबाब म्हणतात ते माझं डिझेल विकतात. हा सैफ म्हणतो, आणि टाकी भरलेली असते."

चाचा क्वेकर होते. हे काय असतं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे ख्रिश्चन?" हो म्हणाले. "चर्च कुठंय?" नाही. "फादर?" नाही. "मेणबत्ती, गाणी, मूर्ती?" काही नाही. "मग असतं तरी काय?"

"गप्प बसतो आम्ही. एकत्र."

मी म्हटलं, यासाठी धर्म कशाला पाहिजे? माझी बायको रागावली की घरात हेच चालतं.

चाचा विचारलं तेवढंच सांगायचे. म्हणून त्यांच्या घराण्याची गोष्ट मला जुड्या बांधता बांधता तुकड्यातुकड्यांनी मिळाली. पणजोबा दुष्काळात अनाथ झालेलं पोर. इंग्लंडहून आलेल्या गोऱ्या क्वेकर लोकांनी तसली पोरं सांभाळली, मोठी केली आणि जंगलाचा एक तुकडा दाखवून सांगितलं, हे साफ करा, पिकवा, तुमचं. पणजोबांनी साग तोडले, मुळं उपटली, वाघाच्या भीतीनं झाडावर झोपले. आजोबांच्या हातात चांगली काळी जमीन आली. आणि आजोबांनी ती घालवली.

दारू नाही, जुगार नाही. खरं बोलून घालवली. शेजारच्या मोठ्या जमीनदारानं हद्दीचा दगड हलवून अर्धं शेत आपल्यात घेतलं. केस झाली. मॅजिस्ट्रेट म्हणाला, शपथ घे आणि सांग की यांच्या माणसांना दगड हलवताना मी बघितलं. आजोबा म्हणाले, शपथ आम्ही घेत नाही. आणि हलवताना बघितलं नाही. संध्याकाळी दगड इथे होता, सकाळी तिथे होता, एवढंच बघितलं. शेत गेलं. घरी येऊन आजोबांनी जेवायला मागितलं. आजी पूर्ण पावसाळा त्यांच्याशी बोलली नाही.

मी म्हटलं, "चाचा, राग मानू नका, पण आजोबा येडेच होते तुमचे."

"हो," चाचा मेथीच्या जुडीला दोरा मारत म्हणाले, "आजीपण हेच म्हणायची."

मग चाचांचे वडील सगळं घर घेऊन वरच्या खडकाळ माळावर गेले आणि तिथे नव्यानं सुरू केलं. चाचा आणखी पुढे गेले, समुद्र ओलांडून. सैफच्या वडिलांनी त्यांना ही वाडी दाखवली तेव्हा इथे खजुराची चार वाळकी झाडं आणि बाकी दगड. ते दगड चाचांनी हातानं वेचले, बांध घातले, खजुराच्या सावलीत माती साठवली, कपडे धुतलेलं पाणीसुद्धा वळवून अळूला दिलं. "आमच्या घरात तयार जमीन कुणाला मिळाली नाही," असं म्हणायचे. तक्रार म्हणून नाही. आपण सांगतो ना, आमच्याकडे सगळ्यांना चष्मा आहे, तसं.

शुक्रवारी कामगारांना सुट्टी. चाचांचं गप्प बसणं शुक्रवारी सकाळी. पंप बंद करायचे, खजुराखालच्या बाकावर बसायचे, डोळे मिटायचे, तासभर. मी माल भरायला नेमका तेव्हाच पोचायचो. आधी पिकअपमध्ये बसून मोबाईल बघायचो. चाचा म्हणाले, उन्हात का बसता, इथे सावली आहे. तेव्हापासून समोरच्या बाकावर मीपण बसायला लागलो. खोलीवर श्रीवर्धनचा सलीम आहे, त्याला मी सांगितलं, "मी आता ध्यान करतो." सलीम म्हणाला, "इन्शाल्ला भाडंपण वेळेवर देशील."

आता तो शुक्रवार.

त्या दिवशी पाइपसाठी वाडीचा रस्ता खणला होता, म्हणून पिकअप खाली डांबरी रस्त्याला लावून मी वर चालत गेलो. बसलो. तास झाला, माल खांद्यावरून खाली नेला आणि निघालो. पुढे कुट्टीची कॅफेटेरिया आहे, तिथे चहाला थांबलो. माझा पुढचा हेडलाइट फुटलेला होता. दोन दिवस आधी ड्रॅगन मार्टच्या पार्किंगमध्ये सामानाची ट्रॉली लागली होती, तेवढंच. कुट्टीनं विचारलं, "लाइट को क्या हुआ, भाई?"

ट्रॉली लागली, हे काय सांगण्यासारखं आहे? मी म्हटलं, "आत्ता एकाला उडवून आलो. थांबायला टाइम नव्हता. चहा दे." चार ड्रायव्हर बसले होते, सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो.

आणि त्याच सकाळी, मी वर बसलो होतो त्याच तासात, खाली डांबरी रस्त्याच्या वळणावर शेजारच्या वाडीतल्या नूरला मागून कुणीतरी सायकलसकट उडवलं होतं. नूर म्हणजे पाणी सोडणारा बंगाली माणूस, मला कधी कधी मूठभर खजूर द्यायचा. डोक्याला मार. बेशुद्ध. गाडी पळून गेली. पोलीस विचारत विचारत कुट्टीकडे गेले. कुट्टीनं खोटं काय सांगावं? जे ऐकलं ते सांगितलं.

मी दुबईला पोचायच्या आत फोन आला, परत या.

पिकअप ठेवून घेतली. पासपोर्ट ठेवून घेतला. हैदराबादचा एक दुभाष्या होता, तो म्हणाला, नूर वाचला तर वेगळं, मेला तर वेगळं, आणि पळून गेलास हे दोन्हीकडे वाईट. जेल होईल, मग कायमचं भारतात. मला हसू आलं. घाबरलो की मला हसू येतं, लहानपणापासून. पोलिसांनी तेपण बघितलं.

मी म्हटलं, "मी वाडीत होतो."

"काय करत होतास?"

आता 'बसलो होतो' एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण माझी जीभ! "साहेब, डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो. एक क्षण डोळा लागला नाही. आईशप्पथ." ते सगळं अरबीत लिहून झालं, माझं अंगठ्यासारखं दिसणारं सहीसारखं काहीतरी त्याखाली घेतलं आणि सांगितलं, साक्षीदार घेऊन ये.

दोन-तीन दिवसांनी मी मिळेल त्या गाडीनं वाडीवर गेलो. चाचा वाफ्यात वाकले होते.

"चाचा, एवढंच सांगायचं. विलास पूर्ण वेळ माझ्यासमोर होता."

"सुरुवातीला होतात. मी बघितलं. मग मी डोळे मिटले."

"आणि उघडले तेव्हा?"

"तेव्हाही होतात."

"मग मध्ये काय मी उडून गेलो?"

"मध्ये मी बघितलं नाही."

मी हात जोडले. मुलीचं कॉलेज सांगितलं, आईचं वय सांगितलं, त्यात दोनचार वर्षं वाढवूनच सांगितली. "बघितलं म्हणा फक्त. कुणाचं काय जातंय? मी खरंच होतो की नाही इथे? मग खऱ्यासाठीच म्हणा!"

"बघितलं असतं तर म्हटलं असतं. पण विलास, एक गोष्ट आहे, मी..."

"नको तुमची गोष्ट! आजोबांनी जमीन घालवली, आता तुम्ही मला घालवा. तुमच्या घराण्याला सवयच आहे."

चाचा उभे राहिले. हाताची माती झटकली. चेहरा नेहमीसारखाच, फक्त टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, "मी नूरला बघायला चाललोय. रोज जातो. येता?"

मी नाही गेलो. म्हटलं, पोलीस म्हणतील, मारणारा बघायला आला. खरी गोष्ट अशी की एवढा वेळ नूर जगेल का, हा विचार मी फक्त माझ्या पासपोर्टसाठी केला होता. ते डोळे मिटलेलं तोंड बघायची मला भीती वाटली.

इथे कोर्टाआधी जबानी सरकारी वकील घेतो. त्याच्याकडे चाचांना सैफ स्वतःच्या गाडीतून घेऊन आला. वकील तिशीतला, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे अरबी झग्यात, चेहऱ्यावर सुरकुती नाही आणि हसूपण नाही. मी कोपऱ्यात. एसी इतका की माझे दात वाजत होते, असं मी एसीवर ढकलतो.

दुभाष्या म्हणाला, "देवाची शपथ घ्या की खरं सांगाल."

"नाही," चाचा म्हणाले.

"खरं सांगणार नाही?"

"खरं सांगणार. शपथ घेणार नाही."

वकिलानं पेन खाली ठेवलं. "का?"

"शपथ घेऊन खरं बोललो, तर बिनशपथेचं रोज बोलतो ते काय झालं? हे विलास दिवसभर शपथा घेतात. त्यांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघितलं. भिंत चांगली होती.

"बिनशपथेच्या साक्षीचं वजन कमी," वकील म्हणाला. "हा माणूस जेलमध्ये जाऊ शकतो. समजतंय?"

"समजतंय. वजन तुम्ही करा. मी आहे तेवढंच तराजूत ठेवतो."

मला वाटलं खलास. तेवढ्यात दाराशी उभा असलेला सैफ अरबीत बोलायला लागला. दुभाष्यानं मला नंतर सांगितलं, तो म्हणाला, या माणसानं गिऱ्हाइकासमोर सांगितलं की माझ्या खजुराला कीड आहे. सगळा माल परत गेला. मी महिनाभर याचं तोंड बघितलं नाही. आता तेच गिऱ्हाईक माझा माल डोळे मिटून नेतं.

वकिलानं पेन उचललं. "त्या तासात आरोपीला तिथे बघितलंत?"

"नाही."

कुणी न सांगता मी बसलो. खुर्ची होती म्हणून बरं.

"आरोपी म्हणतो तो जागा होता, देवाचं नाव घेत होता."

"नाही. झोपले होते."

मी मनात म्हटलं, संपलं. आपल्याच साक्षीदारानं आपल्याला खोटं पाडलं. वकील पुढे वाकला.

"डोळे मिटलेले होते, मग झोपला हे कसं कळलं?"

"ऐकू येत होतं."

"काय?"

"घोरणं."

दुभाष्याला अरबी शब्द सापडेना. तो दोनदा अडखळला आणि शेवटी त्यानं सरकारी वकिलाच्या ऑफिसात, मान मागे टाकून, घोरून दाखवलं. चांगलं घोरला. दारातला शिपाई आत डोकावला.

"किती वेळ?"

"पंप थांबल्यापासून मी यांच्या खांद्याला हात लावेपर्यंत. मध्ये थांबतील, मग देवाकडे लक्ष देऊ, अशी मी वाट बघत होतो. थांबले नाहीत."

"दुसरं कुणी असेल. जनावर असेल."

"शेळ्या आहेत. पण शेळी मध्येच कुणा सुनंदाकडे चहा मागत नाही."

वकील माझ्याकडे वळला. "सुनंदा कोण?"

"बायको, साहेब."

"कुठे असते?"

"माणगावला. इंडिया."

"दिला चहा?"

"नाही, साहेब."

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग परत जागेवर गेला. "आता तू सांग. जागा होतास की झोपला होतास?"

तोंडात आईशप्पथ आलीच होती. गिळली. "झोपलो होतो साहेब. प्रत्येक शुक्रवारी झोपतो. कुट्टीकडे बोललो ती मस्करी होती. लाइट ट्रॉलीनं फुटला." दुभाष्यानं ते सांगितलं आणि स्वतःचं एक वाक्य जोडलं. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, "सांगितलं, पहिल्यांदा शपथ न घेता बोलला."

पासपोर्ट त्या दिवशी मिळाला नाही. वकील म्हणाला, घोरणं लिहून घेतलंय, पण आता नूर काय सांगतो ते बघू. नूर सांगायला उठायला पाहिजे होता.

बाहेर आल्यावर मी चाचांना म्हटलं, "हे वाडीवरच सांगायचं ना!"

"सांगत होतो. तुम्ही माझ्या आजोबांवर आलात."

मग मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेलो. नूरच्या डोक्याला पांढरं बांधलेलं, तोंड सुजलेलं, ओळखू येत नव्हता. चाचा खुर्चीवर बसले, डोळे मिटले. मी दुसऱ्या बाजूला बसलो. माझे डोळे उघडे. त्या मशीनवरची हिरवी रेघ वर गेली की मी श्वास घ्यायचो, खाली आली की सोडायचो. त्या दिवशी पासपोर्ट आठवला नाही. म्हणजे आठवला, पण उशिरा. त्यानंतर मी रोज गेलो, सलीमकडून बसचे पैसे मागून.

आणि एका सकाळी नूरनं डोळे उघडले, आधी पाणी मागितलं, मग सायकल विचारली. पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणाला, मागून आली ती मोठी लॉरी होती, चाक माझ्या खांद्याएवढं. माझ्या पिकअपचं चाक नूरच्या कमरेलाही लागत नाही. मला पासपोर्ट मिळाला, गाडी मिळाली. कुट्टीकडे गेलो तर त्यानं परत विचारलं, लाइट? मी म्हटलं, ट्रॉली. तो म्हणाला, "झूठ मत बोलो भाई."

पुढे सैफच्या मुलांनी ठरवलं की वाडीत पाहुण्यांसाठी तंबू टाकायचे, मेथीपेक्षा तंबू बरे पिकतात. सैफ स्वतः सांगायला आला, डोळे खाली घालून. चाचा म्हणाले, "ठीक आहे सैफ. पाणी तेवढं अळूला देत राहा, ते तंबूला लागत नाही." नर्मदेकाठी पुतण्यानं एक माळ घेतला होता, नुसते दगड. तिकडे जातो म्हणाले. त्या वयात. मी म्हटलं, चाचा, आता तरी तयार जमीन बघा. ते म्हणाले, तिथे मला काय काम?

शेवटच्या शुक्रवारी मी ठरवून गेलो होतो. आज झोपायचं नाही. या माणसानं आपल्याला वाचवलं, एक तास तरी त्याच्यासमोर जागं बसू. नूर काठी टेकत आला होता, तो मशिदीत जायच्या आधी बाकाच्या कडेला टेकला. चाचांनी पंप बंद केला. बॅग भरून दारात ठेवली होती. टोपी गुडघ्यावर, हात टोपीवर, डोळे मिटलेले. उन्हाचे तुकडे त्यांच्या पांढऱ्या केसांवर हलत होते.

मी मांडीला चिमटे काढले. पाय बदलले. माशी हाकलली. खजुराची झाडं मोजली, परत मोजली, वेगळी आली. घसा साफ केला. पण एक क्षण, एक क्षणसुद्धा डोळा लागू दिला नाही. त्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण बघितलं.

चाचांनी डोळे उघडले, नूरचा हात हातात घेतला, मग माझा.

"चाचा," मी म्हटलं, "आज मी अजिबात झोपलो नाही. आई..." थांबलो. "खरंच नाही झोपलो."

"माहीत आहे," चाचा टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले. "घोरण्यात निदान थोडं लागायचं, आज चुळबुळीत माझं मन अजिबात लागलं नाही. तुम्ही झोपत जा, विलास."